चार नंबरच्या कॉटेजमधल्या गृहस्थांना

महोदय,

तुमचं नाव मला माहीत नाही. तुमची बावीस गाणी मात्र क्रमानं पाठ आहेत. सतराव्या गाण्यानंतर पंख्याची एक जाहिरात लागते, तीही पाठ आहे. गेल्या फेब्रुवारीत शहीद द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या नील बेटावर, आपण चार रात्री शेजारी होतो. तुम्ही चार नंबरमध्ये, मी आणि माझी बायको तीन नंबरमध्ये. मध्ये दोन माड आणि बांबूची एक भिंत. त्या चार रात्रींचा हिशेब तुमच्यापुढे मांडायचा राहून गेला. समोरासमोर बोलायला मी दोनदा तुमच्या पायरीपर्यंत आलो होतो. मी काय म्हणतोय ते तुम्हाला ऐकू गेलं नाही. म्हणून हे पत्र.

पत्र खुलं ठेवलंय, कारण तुम्ही एकटे नाही. सिंहगडावर पिठलं-भाकरी खाताना तुम्ही भेटता, ताम्हिणीत धबधब्याखाली भेटता, दिवेआगरच्या सुरूच्या बनात भेटता. हातात तोच नळकांड्याएवढा स्पीकर, त्यावर तोच लुकलुकणारा निळा दिवा. इकडे मी तुम्हाला चुकवून पुढे जात आलो. सायकलनं तासाभरात संपणाऱ्या त्या बेटावर चुकवून जायला जागा नव्हती.

आवाजाबद्दल मला कुणी नवखा समजू नये. भोसरीतल्या एका कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये मी सत्तावीस वर्षं काढली. पत्र्यावर प्रेस पडते तेव्हा तो ठोका कानाआधी छातीत बसतो. आठ तासांच्या पाळीला 90 डेसिबलच्या वर आवाज नको, असं कारखान्यांचा नियम सांगतो. डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नसतो. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. हे मी नव्या पोरांना शिकवायचो. शॉपमध्ये आम्ही हातांनी बोलायचो. मूठ म्हणजे थांब, दोन बोटं म्हणजे डाय बदल, हनुवटीला अंगठा म्हणजे चहा. घरी आलो की तोंडानं बोलावं लागे आणि ते ओरडूनच निघे. बायकोशी मी इतकी वर्षं ओरडून बोललो. त्यात राग नसायचा. तेवढं ओरडल्याशिवाय मला माझंच बोलणं ऐकू यायचं नाही.

गेल्या वर्षी तिनं मला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. बंद खोलीत हेडफोन लावून ऑडिओग्राम काढला. कागदावरची रेघ बऱ्यापैकी सरळ चालली होती आणि 4,000 हर्ट्‌झच्या आसपास एकदम दरीत उतरली होती. मोठ्या आवाजात आयुष्य काढलेल्या माणसांच्या कानात ही दरी नेहमी सापडते. जन्माला येताना प्रत्येक कानात साधारण पंधरा-सोळा हजार केशपेशी असतात आणि माणसाच्या कानात मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. उंच स्वर टिपणाऱ्या पेशी आधी जातात. पुढे वयही त्याच टोकाकडून कुरतडायला लागतं. म्हणून ‘सात’, ‘हात’ आणि ‘आत’ हे तिन्ही शब्द मला सारखेच ऐकू येतात. आमच्या सोसायटीतले रातकिडे दर पावसाळ्यात कमी होत चाललेत, असं मला काही वर्षं वाटत होतं. रातकिडे तेवढेच होते.

त्याच तपासणीत रक्तदाबही वाढलेला निघाला. गोंगाटात शरीर सतत सावध राहतं, झोपेतही राहतं, आणि त्याचा भार हृदयावर पडतो, हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळा, एवढाच त्यांचा सल्ला होता. कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची योजना आलेली होती. 53व्या वर्षी मी सही केली. हाती आलेल्या पैशातून पहिला खर्च या प्रवासाचा केला. ठिकाण बायकोनं निवडलं. ती म्हणाली, "कानात जेवढं उरलंय तेवढं चांगल्या जागी वापरू या." परत आल्यावर श्रवणयंत्र बसवायचं ठरलं होतं. त्याआधी काही दिवस स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

आता तुम्ही कुठे आला होतात ते सांगतो, कारण जेटीपासून कॉटेजपर्यंत तुम्ही मान वर केलेली मला दिसली नाही. फाळणीत घरंदारं गमावून पूर्व पाकिस्तानातून निघालेल्या बंगाली कुटुंबांना सरकारनं या बेटावर जमिनी देऊन वसवलं. त्यांनी जंगल साफ केलं, भात लावला, केळी-सुपारी-नारळ लावले. अंदमानच्या बाजारात जाणारी कितीतरी भाजी आज याच बेटावर पिकते. किनाऱ्यांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर. संध्याकाळी बाजारात बायका वांगी, भोपळा, लाल माठ घेऊन बसतात आणि अंधार पडल्यावर तासा-दोन तासांत दिवे मालवायला लागतात. सगळं मागे टाकून आलेल्या माणसांनी कष्टानं उभं केलेलं हे गाव आहे. तिथली शांतता बेवारस पडलेली नाही. तिला मालक आहेत. पहाटे साडेचारला त्यांना शेतावर जायचं असतं.

इथे सूर्याचं घड्याळ वेगळं चालतं. मुंबई आणि हे बेट यांच्यात वीस रेखांशांचं अंतर आहे, आणि एका रेखांशाला चार मिनिटं. म्हणजे मनगटावरची वेळ एकच असली तरी इथला सूर्य मुंबईपेक्षा सुमारे 80 मिनिटं पुढे असतो. फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमाराला तो मावळतो. पहिल्या दिवशी मला हरवल्यासारखं झालं. साडेपाच ही पाळी संपवून घरी निघायची वेळ होती. इथे साडेसहाला मिट्ट काळोख आणि पुढची सगळी संध्याकाळ रिकामी. दुसऱ्या दिवशी तोच रिकामेपणा बरा वाटला. तिसऱ्या दिवशी मी घड्याळ पिशवीत टाकलं आणि ओहोटीवर वेळ मोजायला लागलो. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास, आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा पन्नासेक मिनिटं पुढे. माझे आजोबा हर्णैचे. ते उधाण आणि भांग या दोन शब्दांवर पंधरवडा मोजायचे. ते शब्द मला चाळीस वर्षांनी आठवले.

त्याच तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. मी काहीतरी बोलत होतो, बहुधा शहाळ्यांच्या भावाबद्दल. बायको एकदम माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही हळू बोलताय."

महोदय, हे वाक्य पुन्हा वाचा. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली आहेत. इतक्या वर्षांत तिनं माझा हळू आवाज ऐकला नव्हता. मला तो कधी सापडला नव्हता. भोवती लाटांच्या घसटण्याखेरीज काही नव्हतं म्हणून माझा गळा आपोआप खाली आला आणि ती जे बोलत होती ते मला अर्ध्या आवाजात समजत होतं. त्या दुपारी आम्ही तीन तास बोललो. तिच्या आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल ती पहिल्यांदाच सगळं बोलली. तशा गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत. म्हणून त्या इतकी वर्षं तिच्यापाशीच राहिल्या होत्या.

त्या संध्याकाळी तुम्ही आलात.

अमावस्येची रात्र होती. आभाळ ताऱ्यांनी भरलेलं होतं. सहा वाजून दहा मिनिटांनी तुमचा स्पीकर सुरू झाला आणि अकरा चाळीसला बंद झाला. माझ्या फोनमध्ये आवाज मोजायचं मीटर आहे, कारखान्यातली सवय. रात्री अकरा वाजता माझ्या उशीपाशी 70 डेसिबल होते. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. निवासी भागासाठी त्यांनी रात्रीची मर्यादा 45 डेसिबल ठेवली आहे, आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात उघड्या जागी ध्वनिक्षेपक लावायला बंदी घातली आहे. 45च्या जागी 70 म्हणजे पंचवीस डेसिबल जास्त. ऊर्जेच्या हिशेबात ते तीनशे पटीहून अधिक भरतं. तुम्ही आवाज थोडा वाढवला नव्हतात. त्या रात्रीला परवानगी होती त्याच्या तीनशेपट आवाज तुम्ही बांबूच्या भिंतीतून माझ्या खाटेवर आणून ओतत होतात.

रिसॉर्टचा तरुण मॅनेजर दोनदा तुमच्याकडे आला. दुसऱ्यांदा तो परत जाताना त्याचा चेहरा मी पाहिला. पाहुण्यांना नाही म्हणण्याचा पगार त्याला मिळत नाही. तुम्ही त्याला म्हणालात, "सुट्टीला आलोय, मजा नको करायला?" हे मात्र मला स्पष्ट ऐकू आलं.

करा. मजा करायला कुणाची ना नाही. पण मी व्हरांड्यातून बघत होतो आणि मला तिथे मजा दिसली नाही. गाणी वाजत होती, आणि तुम्ही खुर्चीत बसून फोनवर छोटे छोटे व्हिडिओ सरकवत होतात. त्यांचाही आवाज चालू होता. तुमच्या पत्नी दाराच्या उंबऱ्यावर बसून समुद्राकडे बघत होत्या. त्यांनी तुम्हाला काहीतरी विचारलं, तुम्ही "काय?" म्हणालात, त्यांनी पुन्हा विचारलं, तुम्ही पुन्हा "काय?" म्हणालात, आणि मग त्यांनी विचारणं सोडून दिलं. ते "काय?" मी ओळखतो. आमच्या घरात ते सत्तावीस वर्षं राहिलं. ती गाणी तुम्ही स्वतः ऐकत नव्हतात. ती फक्त शांतता होऊ नये म्हणून लावली होती. तुमच्या कानशिलावरही माझ्यासारखेच पांढरे केस आहेत. या वयात शांतता झाली की काय काय वर येतं हे मला ठाऊक आहे: नोकरीचं राहिलेलं काय, आईवडलांचं दुखणं, पोरांची फी, छातीतली मधूनच येणारी कळ. ते वर येऊ नये म्हणून तुम्ही आवाजाचं झाकण ठेवता. मी कारखान्याचं ठेवलं होतं. त्या झाकणाखाली काही बरं होत नाही. पेशी मरतात आणि माणसं विचारायची थांबतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा कार्यक्रम टॅक्सीवाल्याला तुम्ही अंगणात वाचून दाखवलात. साडेनऊला भरतपूर, अकराला नैसर्गिक पूल, एकला जेवण, दोनला सीतापूर. लक्ष्मणपूरचा तो खडकाचा पूल, ज्याला तिथले बंगाली लोक कौतुकानं हावडा ब्रिज म्हणतात, तो बघायला ओहोटी लागते. अमावस्येच्या सुमाराला तिथे सकाळी दहा-अकराला भरती असते आणि दुपारी चार-पाचला ओहोटी. टॅक्सीवाला हे सांगत होता. तुम्ही त्याला म्हणालात, पैसे अकराचे ठरलेत. अकराला तुम्ही गेलात, खडक पाण्याखाली होते. परत आल्यावर तुम्ही त्या माणसावर ओरडलात. समुद्र वेळेवर हटला नाही याबद्दल त्याच्या भाड्यातले दोनशे रुपये कापलेत. महोदय, चंद्र तुमच्या कार्यक्रमपत्रिकेवर चालत नाही. त्या माणसानं तुम्हाला खरी वेळ सांगितली होती. तुम्ही ऐकलं नाहीत. त्याचे दोनशे रुपये तुम्ही देणं लागता.

त्याच दुपारी ओहोटी लागल्यावर तुमचा मुलगा एकटाच किनाऱ्यावर आला. नऊ-दहा वर्षांचा असेल. मी गुडघाभर पाण्यात मास्क लावून डोकं बुडवत होतो, तर त्यानं विचारलं, "काका, खाली काय आहे?" तुमच्या पत्नींनी लांबून मान हलवली तेव्हा मी त्याला मास्क दिला. तो डोकं बुडवून उठला आणि त्याचे डोळे विस्फारले होते. म्हणाला, "खाली कुणीतरी फोडणी देतंय!"

बरोबर ऐकलं होतं त्यानं. प्रवाळाच्या खडकांत बोटाएवढ्या कोळंब्या राहतात. त्यांचा एक चिमटा मोठा असतो. तो त्या इतक्या झटक्यात मिटतात की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो आणि टक्कन आवाज होतो. हजारो कोळंब्यांचे ते टक्-टक् एकत्र येतात तेव्हा तापल्या तेलात मोहरी तडतडावी तसं ऐकू येतं. जिवंत खडक असा बोलका असतो. माशांची इवली पिल्लं मोठ्या समुद्रातून या आवाजाचा माग काढत खडकाकडे येतात, असं शास्त्रज्ञांना आढळलंय. मी हे त्याला सांगितलं. शेजारी एक गोल प्रवाळ होता, साधारण माझ्या कमरेएवढा. असा प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढतो. मी म्हणालो, "हा तुझ्या पणजोबांच्या वयाचा असेल." तो त्याला हात न लावता, हात मागे बांधून, किती तरी वेळ त्याच्याभोवती फिरत राहिला. त्याला कुणी घाई करायला सांगितली नव्हती, आणि त्यानंही केली नाही. मग तुमची हाक आली. सीतापूर राहिलं होतं.

आता त्या रात्रीचं सांगतो, कारण तुम्ही तिथे नव्हतात. साडेआठला वीज गेली. तुमच्या स्पीकरची बॅटरी संपली होती आणि तो चार्जिंगला लावलेला होता, तोही बंद पडला. तुम्ही विजेरी घेऊन ऑफिसकडे तक्रार करायला गेलात. चाळीस मिनिटं बेटावर काळोख होता. मी आणि बायको वाळूत जाऊन बसलो. थोड्या वेळानं तुमचा मुलगा आमच्याजवळ येऊन उभा राहिला.

"काका, हा कसला आवाज?"

"लाटांचा," मी म्हणालो.

"तो नाही. दुसरा. बारीक आहे. सगळीकडून येतोय."

मी कान दिला. मला लाटा ऐकू आल्या, माडाच्या झावळ्या ऐकू आल्या. त्यापलीकडे काही नव्हतं. बायकोनं माझ्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "रातकिडे आहेत. खूप आहेत." तुमच्या मुलाला नवल वाटलं. "तुम्हाला ऐकू येत नाही?" मी नाही म्हणालो. का नाही तेही सांगितलं, प्रेसशॉपचं, पेशींचं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग माझ्या कानाशी तोंड आणून, ओठ दाबून, त्यानं मला तो आवाज काढून दाखवला. एका किड्याचा वेगळा, दुसऱ्याचा वेगळा. झाडाकडचा असा, गवतातला असा. तो थांबून ऐकायचा आणि पुन्हा माझ्या कानात करून दाखवायचा. जगात जे आहे आणि माझ्यासाठी आता नाही, ते त्या पोरानं मला उचलून आणून दिलं.

मग दिवे आले. तुमचा स्पीकर आला. त्याच्या ओठांची हालचाल मला दिसत राहिली, आवाज ऐकू येईना. तो "काका" म्हणाला असावा. मी "काय?" म्हणालो.

महोदय, माझ्या चार रात्री गेल्या, त्या परत मागत नाही. बायकोचं आणखी काही सांगायचं राहिलं असेल, तर ते आम्ही दुसरीकडे कुठेतरी शोधू. तुमच्याकडे माझी मागणी वेगळी आहे. सुट्टीत गाणी ऐकायची असतील तर हेडफोन लावा, आवाज निम्म्यावर ठेवा, आणि गाणं पूर्ण ऐका. एकदा जाऊन स्वतःचा ऑडिओग्राम काढून घ्या. अर्धा तास लागतो. टॅक्सीवाल्याचे दोनशे रुपये मॅनेजरच्या हाती पाठवा. आणि पुढच्या सहलीत स्पीकर घरी ठेवून एक संध्याकाळ मुलाशेजारी अंधारात बसा. पहिली दहा मिनिटं जड जातील. छातीत काहीबाही वर येईल. येऊ द्या. ते ओसरतं, ओहोटीसारखं, आपल्या वेळानं.

तुमच्या मुलाचे कान अजून कोरे आणि धडधाकट आहेत. त्याला जे ऐकू येतं ते कुणाला तरी सांगायची त्याला ओढ आहे. त्या रात्री त्यानं ते मला सांगितलं, कारण मी जवळ होतो. पुढच्या वेळी तो ‘बाबा, हा कसला आवाज?’ असं विचारेल, तेव्हा त्याचा प्रश्न तुम्हाला ऐकू जाईल एवढी शांतता ठेवा.

आपला,
तीन नंबरच्या कॉटेजमधला शेजारी